दुसरी घंटा

“चौदा नंबर, तयार राहा!”

पडद्याआडून संयोजकाने हाक दिली. चिमणीचे हात मघापासूनच गार पडले होते. तिने ते काखेत दाबून धरले, पण बोटांना ऊब येईना. स्टेजवर तेरा नंबरचा बँड वाजवत होता. कॉलेजातली पोरं होती. त्यांच्या ढोलाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर लाकडी पायऱ्या थरथरत होत्या आणि ती थरथर तिच्या टाचांतून वर गुडघ्यांपर्यंत येत होती.

“वन्सं, अजून वेळ आहे. नाव मागे घेऊ या का?” ती हळूच म्हणाली.

तिची नणंद आरशासमोर पदराची पिन लावत होती. “वेड लागलंय का तुला? तीन महिने घसा फोडला तो माघारी जायला? तू फक्त वाजव. बाकी मी बघते.”

बाकी सगळं वन्संनीच बघायचं, हे चोवीस वर्षांपूर्वी ठरून गेलं होतं. चिमणी हे नावही त्यांनीच ठेवलेलं. लग्न होऊन आली त्या पहिल्या आठवड्यात सगळ्यांसमोर त्या म्हणाल्या होत्या, “अगं, ही बोलते की चिवचिवते?” घर हसलं, मग चर्चची मंडळी हसली, आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. चिमणीला त्याचं वाईट वाटायचं नाही. लोकांनी आपल्याकडे फार बघू नये, एवढीच तिची मागणी असे. चष्म्याच्या दुकानात ती मागच्या खोलीत बसून फ्रेमच्या मापाने काचा घासायची. गिऱ्हाइकाला नीट दिसू लागायचं, पण ज्या बाईच्या हातून दिसू लागलं ती त्याला कधीच दिसायची नाही. रविवारी चर्चमध्येही ती की-बोर्ड घेऊन खांबाच्या आड बसायची. पुढे वन्सं उभ्या राहायच्या. ताठ मान, भरदार आवाज. त्यांनी पहिली ओळ उचलली की तीनशे माणसं उभी राहायची.

या स्पर्धेची जाहिरातही वन्संनीच आणली. पाळकसाहेबांनी चष्मा काढून ती वाचली आणि म्हणाले, “जा, अवश्य जा. फक्त कुणासाठी गातोय ते विसरू नका.” तेव्हापासून चिमणीच्या मनात एक वेगळीच धास्ती बसली होती. आपल्याला जिंकावंसं वाटलं तर? टाळ्या आवडल्या तर? तीन महिने ती रोज प्रार्थनेत हेच पुटपुटत होती आणि रोज कांदा चिरता चिरता ओट्यावर बोटांनी तेच गाणं वाजवत होती.

नियम पाच मिनिटांचा होता. पाच मिनिटं झाली की पहिली घंटा, सहा झाली की दुसरी. दुसऱ्या घंटेनंतर वाजवाल तर बाद.

“चौदा नंबर!”

स्टेजवर पाऊल टाकलं आणि दिव्यांनी डोळे दिपले. समोर सभागृह होतं की काळा खड्डा, कळेना. कुठेतरी कुणी खोकलं. तिच्या मागे ड्रमवर फ्रिजवाला बसला. तो खरोखरच फ्रिज दुरुस्त करायचा. गिटारवर पाळकसाहेबांचा मेहुणा होता. चिमणीने की-बोर्डवर हात ठेवला आणि क्षणभर तिला पहिली पट्टीच सापडेना. काळ्या-पांढऱ्या पट्ट्या नुसत्या पोहत होत्या. मग बोटं आपोआप जागेवर गेली. सुरावट निघाली. वन्संनी श्वास घेतला.

“दिवा लहान माझा, वारा सुटला थोर…”

आवाज छान लागला. पहिलं कडवं सरळ पार पडलं. ध्रुवपद आलं. इथे चर्चमध्ये सगळी मंडळी साथ द्यायची, छप्पर दणाणायचं. वन्संनी सवयीने दोन्ही हात वर केले आणि थांबल्या. अंधारातून कुणीच गायलं नाही. गाणार तरी कोण? कुणाला ते गाणं ठाऊकच नव्हतं. वन्संचा एकटा आवाज त्या खड्ड्यात पडला आणि परत आला नाही.

त्यांनी ध्रुवपद कसंबसं उरकलं. दुसऱ्या कडव्याची जागा आली आणि गेली.

चिमणीने वर पाहिलं. तिला वन्संची फक्त मान दिसत होती, घामाने चमकणारी. माइक धरलेला हात हळूहळू खाली येत होता. चोवीस वर्षांत ती मान तिने कधी अशी झुकलेली पाहिली नव्हती. वाटलं, उठावं आणि पळत सुटावं. पण बोटं थांबली नाहीत. त्यांना ही वेळ ओळखीची होती. प्रार्थना लांबली, कुणी मध्येच हुंदका दिला, शवपेटी खांद्यावर घेतलेल्या माणसांना दारापर्यंत पोचायला वेळ लागला, की ती अशीच त्याच चार ओळी पुन्हा फिरवत राहायची. माणूस सावरेपर्यंत.

तिने तेच केलं. एकदा फिरवलं. दोनदा. तीनदा.

पहिली घंटा झाली.

फ्रिजवाल्याने ड्रमवरचा ब्रश हलका केला आणि डोळे मोठे करून तिच्याकडे बघितलं. ‘संपव,’ त्याचे ओठ हलले. बरोबरच होतं त्याचं. आता गोडसा शेवट केला तर वेळेत बसत होतं. लोकांना वाटलं असतं, गाणं एवढंच आहे, मागचं नुसतं वाजवायचंच असतं. नंबरही आला असता कदाचित. पण वन्सं तिथे तशाच उभ्या राहिल्या असत्या, हात खाली सोडून. आणि दिवे तसेच विझले असते.

चिमणीने मान हलवली. नाही.

तिने गाण्याची पट्टी एका सुराने खाली उतरवली. मेहुण्याने दचकून पाहिलं आणि मुकाट्याने मागोमाग आला. मग तिने तोंड उघडलं. तिच्यासमोर माइक नव्हता. पहिला सूर फाटलाच.

“तेल सरत आले, रात अजून फार…”

पहिल्या रांगेपलीकडे ते ऐकू गेलं नसेल. वन्संना गेलं. त्यांचे खांदे हलले. त्यांनी मागे वळून बघितलं. चेहरा पांढराफटक, हरवलेल्या मुलासारखा. चिमणीने गाता गाताच मान डोलावली: या. इथून या.

वन्सं आल्या. आधी नुसता श्वास, मग आवाज. पहिल्यासारखा भरदार नव्हता. कापत होता, पण सुरात होता. दोघी मिळून शेवटच्या कडव्यात शिरल्या आणि तेवढ्यात दुसरी घंटा झाली. कुणीच थांबलं नाही. शेवटची ओळ पूर्ण करूनच चिमणीने पट्ट्यांवरून हात उचलले.

टाळ्या पडल्या. फार नाही, रीतीपुरत्या. परीक्षक बाई माइकवर म्हणाल्या, “छान प्रयत्न. पण वेळेच्या नियमामुळे चौदा नंबरला गुण देता येणार नाहीत.”

मागच्या बोळात मेहुण्याने गिटार खोक्यात आपटलीच. “वहिनी, हातातोंडाशी आलेला घास घालवलात! थांबायला काय झालं होतं? घंटा ऐकू नाही आली?”

वन्सं दोन पावलांवर भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी तोंड उघडलं.

“माझंच चुकलं,” चिमणी आधी म्हणाली. “मला थांबता नाही आलं.”

“ही शेवटी चिमणी ती चिमणीच,” मेहुणा पुटपुटला. फ्रिजवाल्याने त्याच्याकडे नुसतं रोखून पाहिलं आणि ड्रम उचलून निघून गेला.

परतीच्या बसमध्ये दोघी शेजारी बसल्या. ऊन कलत होतं. पाच मिनिटं गप्प बसलेल्या वन्सं चिमणीने कधी पाहिल्या नव्हत्या.

“खोटं कशाला बोललीस?”

“खोटं कुठे? नाहीच आलं थांबता.”

वन्संनी खिडकीबाहेर पाहिलं. “एवढी माणसं समोर, आणि कुणीच नव्हतं गं. आपल्याकडे सगळे गातात ना… मला वाटायचं, तो माझाच आवाज आहे.”

चिमणीने हातातल्या तिकिटाची घडी घातली.

“अशी असते होय भीती? तुला नेहमी असंच होतं?”

“हो.”

“रोज?”

“रविवारी जरा जास्त.”

वन्सं हसल्यासारखं करायला गेल्या, पण ते जमलं नाही. पिशवीतून त्यांनी पाण्याची बाटली काढली. झाकण फिरवू लागल्या. बोटं सटकत होती. पदरात धरून फिरवलं, तरी निघेना. चिमणीने बाटली हातातून घेतली, झाकण उघडून परत दिली आणि तोंड दुसरीकडे वळवलं. वन्सं पाणी पिऊ लागल्या तेव्हा ते हनुवटीवरून, गळ्यावरून, चांगल्या साडीवर सांडत राहिलं. बस पुढच्या थांब्यापर्यंत पोचली, माणसं उतरली, चढली. तोवर चिमणी समोरच्या सीटची फाटलेली शिवण बघत बसली होती.