हात लावायचा नाही

कारखान्यात बहीणभाऊ दोघंही वीजदुरुस्तीच्या खात्यात होते, म्हणून त्याला सगळे थोरला म्हणत आणि तिला धाकटी. खरी नावं हजेरीपुरती उरली होती. तिला या कामात थोरल्यानंच आणलं. मुलीनं वायरी उचकत बसायचं म्हणजे काय, अशी आईची कुरकुर चालली होती, तेव्हा तो म्हणाला होता, "अगं आई, विजेला कुठं कळतं समोर बाई आहे की बाप्या? ती सगळ्यांना सारखीच."

थोरला हाताचा चांगला होता आणि तोंडाचाही. नव्या कामगारांना सुरक्षेचे धडे तोच द्यायचा. जुन्या बॉयलर सूटमध्ये भुसा भरून त्यानं एक माणूस शिवून घेतला होता, त्याला तो 'पाहुणा' म्हणे. पाहुण्याला पॅनलला चिकटवायचं आणि म्हणायचं, "हा माझा सख्खा भाऊ असला तरी मी याला हात लावणार नाही. का? कारण मग उचलायला दोघं होतील." लोक हसायचे. हसता हसता डोक्यात बसायचं.

तो गेला त्या दिवशी सकाळीच मालवाहू पट्ट्याची मोटर बंद पडली. माल तुंबला, आणि उत्पादनवाले साहेब डोक्यावर येऊन उभे राहिले. थोरल्यानं तरी घाई केली नाही. मोटरचा स्विच पाडला, त्याला स्वतःचं कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. टेस्टर आधी चालू लाइनीवर लावून पाहिला, मग मोटरच्या तिन्ही तारांवर. तारा मेलेल्या होत्या, वीज नव्हती. मग त्यानं पॅनलमध्ये कोपरापर्यंत हात घातला.

आतला ओलावा सुकवायला पॅनलच्या तळाशी एक छोटा हीटर होता. त्याची वीज शेजारच्या पॅनलमधून यायची. कुणी, कधी जोडली होती देव जाणे. नकाशात ती तार नव्हतीच. थोरल्याची मूठ नेमकी तिच्यावर वळली आणि वळलेलीच राहिली.

धाकटी हातभर अंतरावर पाना घेऊन उभी होती. त्याचं अंग ताठ झालेलं तिनं पाहिलं आणि तिला कळलं. वीज कुठून येतेय ते मात्र कळेना. शेजारचे सगळे स्विच पाडत बसायला वेळ नव्हता. तिनं पाना टाकला, भावाकडे पाठ फिरवली आणि शेडच्या दुसऱ्या टोकाला मेन स्विच होता तिकडे धावत सुटली. दांडा ओढला. अख्खी शेड काळोखी आणि मुकी झाली. ती परत आली तेव्हा तो खाली पडला होता. अँब्युलन्सची माणसं येईपर्यंत ती त्याची छाती दाबत राहिली. त्यांनी तिला बाजूला केलं, तेव्हा तिचे हात हवेतच हलत होते.

ती दवाखान्यातून घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. पॅकिंगमधल्या कुणीतरी लांबून पाहिलं होतं, आणि जे दिसलं ते सांगितलं होतं. भाऊ चिकटलेला आणि बहीण पळाली.

"पळालीस?" आईनं दारातच विचारलं.

"आई, वीज तोडायला गेले मी. हात लावला असता तर मीही..."

"सख्खा भाऊ तुझा, माझा लेक, हाताला धरून ओढायला काय झालं होतं तुला?" दुःखात आईची जीभ अडखळत होती, पण म्हणायचं ते तिनं म्हटलं. "त्यानं तुला टाकलं असतं का गं?"

वहिनी आत भिंतीला टेकून बसली होती. धाकटी आत आली तशी तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. काही दिवसांनी तिनं आपले कपडे भरले आणि कारखान्याजवळ एक खोली घेतली. थांब असं कुणी म्हणालं नाही.

चौकशी झाली. सगळे पुरवठे तपासले नाहीत, सबब कामगाराची हलगर्जी, असा निकाल लागला. आणि त्याच आठवड्यात प्रत्येक पॅनलमधली हीटरची तार शोधून तिला पिवळा रंग फासण्यात आला. "त्याची हलगर्जी होती, तर रंग कशाला फासताय?" खात्यातला म्हातारा फिटर मोठ्यानं म्हणाला. त्याला सगळे मामा म्हणत. साहेबांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

सुरक्षेचा वर्ग आता कोण घेणार हा प्रश्न आला आणि धाकटीच्या गळ्यात पडला. ती नको म्हणाली. मग पडद्यावर चित्रं दाखवून सगळं उरकायचं घाटतंय असं मामांनी येऊन सांगितलं, तेव्हा ती मुकाट्यानं उभी राहिली. थोरल्यासारखं हसवणं तिला जमेना. लोक वह्यांत माना घालून बसत.

नवऱ्याच्या जागी वहिनीला पॅकिंगमध्ये घेतलं. नव्या माणसानं वर्ग केल्याशिवाय मशीनजवळ जायचं नाही, हा नियम. त्यामुळे एका सोमवारी धाकटी वर्गात शिरली, तर दुसऱ्या रांगेत वहिनी. पायांत मोठे पडणारे सेफ्टी शूज, केस टोपीत कोंबलेले.

धाकटीनं धडा सुरू केला. आवाज फाटायला लागला की ती फळ्याकडे वळे. शेवटी प्रात्यक्षिक आलं. मामांनी पाहुण्याला पॅनलला टेकवून उभं केलं. एकेकानं पुढं यायचं, चिकटलेल्या माणसाला सोडवायचं. वहिनीचा नंबर आला, तेव्हा मामा हळूच म्हणाले, "यांना राहू दे ना."

"नाही मामा. सगळ्यांनी करायचं."

वहिनी पुढं आली. क्षणभर बघत राहिली. मग झेपावली आणि दोन्ही हातांनी पाहुण्याला कवटाळून तिनं त्याला मागं खेचलं. दोघंही जमिनीवर पडले.

वर्गात कुणी हसलं नाही. हात लावला की काय म्हणायचं ते ठरलेलं होतं, आणि आधीच्या दोघांना धाकटीनं ते म्हटलं होतं.

"तुम्ही गेलात," ती म्हणाली. "आता दोघं गेले."

वहिनी तशीच बसून राहिली. भुशाच्या बाहीवरची मूठ सुटत नव्हती. मग उठली आणि म्हणाली, "मॅडम, परत करते."

दुसऱ्या खेपेला तिचा हात अर्धा पुढं झाला. तो तिनं मागं घेतला. पाठ फिरवली, आणि ते मोठे बूट आपटत भिंतीवरच्या स्विचकडे धावली. दांडा ओढून परत आली तेव्हा तिला धाप लागली होती.

"पाठ फिरवावी लागते," ती म्हणाली. कुणाला, ते कळलं नाही.

मधल्या सुट्टीत धाकटी नळावर तोंड धूत होती. वहिनी शेजारच्या नळावर येऊन उभी राहिली. नळ सोडला, हात मात्र पाण्याखाली धरले नाहीत.

"ओरडले का ते?"

सगळ्यांनी वहिनीला सांगितलं होतं की एका क्षणात गेला, काही कळलंसुद्धा नाही त्याला. धाकटीनंही तेव्हा मान हलवली होती.

"नाही. ओरडता येत नाही," ती म्हणाली. "बघत होता."

"कुणाकडे?"

"माझ्याकडे. मी वळेपर्यंत."

वहिनीनं नळाची कडा धरली.

"आईंना हे सांगू नकोस."

"नाही सांगत."

"आणि घरी ये असं मी म्हणणार नाही. तुझं नाव काढलं की त्या ताटावरून उठतात. त्यांना मी एकटी किती समजावू? आणि मला तरी..." तिनं नळ बंद केला. "मला कळलं. पण कळलं म्हणून बरं वाटत नाही गं."

"मलाही नाही वाटत, वहिनी."

भोंगा झाला. सुट्टीनंतर छाती कशी दाबायची ते शिकवायचं होतं. वहिनी आत जाऊन बसली. धाकटी थोडा वेळ ओल्या तोंडानं तिथंच उभी राहिली, मग बाहीनं तोंड पुसून तीही आत गेली.