उसन्या वयाचं छत

छतावर नारिंगी पाइप दिसत नव्हता.

मी मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पुन्हा पाहिलं. सळ्यांची जाळी दिसत होती, पूजेचं टेबल दिसत होतं, नवा शर्ट घालून उभे असलेले सातवे मामा दिसत होते. मी आखून दिलेल्या कोपऱ्यात उभा करायचा हातभर पाइप तेवढा नव्हता. गल्लीत काँक्रीटचा पंप येऊन थांबला होता.

"कितीदा बघशील?" सासूबाई म्हणाल्या. "घर कुठे पळून जात नाही."

आम्ही समोरच्या कॅफेत बसलो होतो, कारण आज आमच्याच घरात आम्हाला पाय टाकायचा नव्हता. आमच्या रीतीप्रमाणे यंदा माझ्या नवऱ्याचं, खिएमचं, वय घर बांधायला वाईट. म्हणून सासूबाईंचे धाकटे भाऊ, सातवे मामा, यांचं वय उसनं घेतलं. पाया त्यांनीच घातला, छतही तेच ओतून घेणार. देवापुढे घर त्यांचं. अशा वेळी खरे मालक तिथे दिसले की सगळं वाया. खिएमला तर सासूबाईंनी सकाळीच काहीतरी काम काढून दूर न्हा त्रांग शहराला पिटाळलं होतं.

माझा मुलगा तोम शेजारच्या बुटक्या खुर्चीत पेंगत होता. त्याच्या छातीतली शिट्टी मला कॅफेतल्या गाण्यांतूनही ऐकू येत होती. गेल्या उन्हाळ्यात वीज गेली आणि त्याचं दम्यासाठीचं वाफेचं मशीन मध्येच बंद पडलं, तेव्हा त्याचे ओठ ज्या रंगाचे झाले तो रंग मला आता साध्या कापडावरही बघवत नाही. सोलर पॅनल आणि बॅटरी आत्ता जमणार नाही, दोन-तीन वर्षांनी जमेल. पण त्यांच्या तारा खाली यायला वाट आजच ठेवायला हवी. छत ओतल्यावर भोक पाडलं की गळती आलीच, आणि राहत्या घराचं डोकं फोडायला सासूबाई या जन्मी हो म्हणणार नाहीत. कॉलेजात मी हेच शिकले. नकाशाही मीच काढला होता. सगळ्यांनी तो जेवताना बघितला आणि त्यावरच फिश सॉसची वाटी ठेवली.

मामांना फोन लावला.

"बोल उएन. लवकर बोल, मुहूर्त आलाय."

"मामा, तो नारिंगी पाइप?"

"काढला."

"काढला म्हणजे?"

"अगं, बरोबर त्याच्या खाली देव्हारा येणार. पूर्वजांच्या डोक्यावर भोक? मालक म्हणून आज माझी काही जबाबदारी आहे की नाही?"

देव्हारा तर मागच्या भिंतीला होता. मी सासूबाईंकडे पाहिलं.

"आई, देव्हारा हलवला?"

"पुढे वारं चांगलं येतं. तुला सांगितलं असतं तर लगेच टेप घेऊन आली असतीस."

मी उठून गल्लीच्या कडेपर्यंत गेले. चार पावलं टाकली असती तर वाळूच्या ढिगाशी पोचले असते. पण उद्या तोमला काही झालं तर लोक म्हणतील, ही त्या दिवशी आत गेली होती. लोकांचं सोडा, मीच म्हणेन.

"मामा," मी फोनवर म्हणाले, "आज घर तुमचं आहे. भोक कुठे चालेल ते तुम्हीच सांगा. पण आज हवं. तोमच्या मशीनसाठी हवं."



"हे आधी नाही बोललीस. नकाशावर नुसतं 'भविष्यासाठी' लिहिलंस. मला वाटलं, एसीचं काहीतरी असेल. जिन्याच्या कडेला चालेल?"

"चालेल."

फोन कटला आणि पंप सुरू झाला. पलीकडच्या टोकाला काँक्रीट पडू लागलं. मामा दोन्ही हात पसरून नळीच्या आडवे उभे राहिले. कामगार वैतागले, मुकादम काहीतरी ओरडला, पण पंप थांबला. जिन्याच्या कडेला सळईला तारेने बांधलेला नारिंगी पाइप उभा राहिला.

त्याचं तोंड उघडंच होतं. मी पुन्हा फोन लावला. मामा उचलेनात. वाजणारा फोन त्यांच्या खिशात, आणि ते पंपवाल्याला हात करत होते.

"आता काय?" सासूबाई तोमला उचलून माझ्यामागे येऊन उभ्या होत्या.

"तोंड बांधलं नाही. काँक्रीट आत गेलं की पाइप असून नसल्यासारखा."

त्यांनी तोमला माझ्या कडेवर दिलं. बाजारात मासळी विकताना लावतात तो आवाज त्यांनी लावला.

"ए सातव्या, त्या पाइपाला पिशवी बांध. आत्ता. पोराचं मशीन बंद पडलं तर तुझ्या घरी आणून झोपवीन त्याला."

"मालक मी आहे आज," वरून उत्तर आलं.

"मालक अस. मोठी बहीण मी आहे."

मामांनी पूजेच्या फळांची गुलाबी पिशवी टेबलावर रिकामी केली आणि पाइपाच्या तोंडाला घट्ट बांधली.

पंप त्या कोपऱ्याकडे सरकला. एका कामगाराचा बूट पाइपाला लागला आणि पिशवी कलली. तो वाकला. त्याने पाइप सरळ केला की नुसतं बुटावरचं काँक्रीट झटकलं, ते त्याच्या पाठीमुळे मला दिसलं नाही. तो बाजूला झाला तेव्हा करड्या काँक्रीटच्या वर पिशवी उभी होती, किंचित डावीकडे झुकलेली. सासूबाई म्हणाल्या, "आता बस." तोमला खांद्यावर घेऊन मी उभीच राहिले. काँक्रीट अजून ओलं होतं आणि माणसं त्या कडेने ये-जा करत होती.