डावीकडे कललेली शेपटी

मित्रांनो, मी एक जुना मोर आहे. मला पिसं नाहीत की आवाज नाही. इंग्लंडमधल्या एका हवेलीच्या बागेत, यू नावाच्या सदाहरित झाडाला कातरून मला घडवलं.

घडवणारा माळी एमॉस पिम. लढाईत त्याचा खांदा निकामी झाला, तेव्हापासून डावीकडे वरपर्यंत त्याची कात्री पोहोचेना. ती बाजू वाढतच गेली आणि माझी शेपटी तिकडे कलली. पुढे बाग लोकांसाठी खुली झाली, तर सगळे आधी मलाच बघायला यायचे. मी फार मिरवलो तेव्हा.

एमॉस गेल्यावर त्याची बायको डॉर्कस दर उन्हाळ्यात तिकीट काढून यायची. बाकावर बसून डब्यातला केक खायची आणि म्हणायची, "काय रे वाकड्या, बरा आहेस ना? तुझ्या बापाला तुला सरळ करणं काही जमलं नाही बघ." नवी माळीण ग्वेनही माझा कल जपूनच छाटायची.

मग बागेच्या जतनासाठी लॅथमसाहेब आले. माणूस वाईट नव्हता, बागेवर त्यांचा जीव होता.

"जुन्या चित्रात इथे साधा शंकू आहे. तसाच हवा," ते म्हणाले.

"साहेब, निदान पिमकाकूंना विचारू या," ग्वेन म्हणाली.

"अगं, त्या वर्षातून एकदा येणार. त्यांना काय विचारायचं?"

दुसऱ्या दिवशी माझी शेपटी गेली, मानही गेली.

उन्हाळ्यात डॉर्कस आली. साहेबांनी हौसेने विचारलं, "कसं वाटतंय?"

"नीटनेटकं झालंय हो," ती म्हणाली. इथली माणसं दुःख असंच बोलतात. मग तिने ग्वेनला हळूच विचारलं, "छाटलेलं कुठे टाकलंत गं?"

"जाळलं, काकू."

डॉर्कसने डबा उघडलाच नाही. तसाच घेऊन ती परत गेली. तो न उघडलेला डबा साहेबांनीही पाहिला. माझ्यापाशी येऊन ते म्हणाले, "ग्वेन, डावीकडे आता कात्री लावू नकोस."

यूच्या जुन्या लाकडालाही पालवी फुटते. माझ्या डाव्या अंगाला आता हिरवे कोंब आलेत. पण डॉर्कस हिवाळ्यातच वारली. ग्वेनने येऊन मला सांगितलं.

मित्रांनो, जुन्या बागा जरूर जपा. फक्त कात्री उचलण्याआधी तिथे कोण कोणाला भेटायला येतं, तेवढं विचारत जा. माझी शेपटी येईल परत, कदाचित वाकडीच येईल. पण मला वाकड्या म्हणणारं आता कोणी नाही.