टाकीवरची राक्षसीण

चित्रं काढून पोट भरतं का, असं खुशनुमाला सगळ्यांनी विचारून झालं होतं. तरी तिने चाकणच्या एका कंपनीतलं, सुरक्षेची पोस्टरं रंगवण्याचं काम सोडलं आणि महाळुंग्यात मंजुळाबाईंची गच्चीवरची खोली भाड्याने घेऊन ती मुलांची पुस्तकं करायला बसली. गोष्टही तिची, चित्रंही तिचीच. पहिली दोन पुस्तकं नातेवाइकांनी घेतली, तीही भिडेपोटी. तिसरं मात्र असं चाललं, की गल्लीतल्या पोरांना तोंडपाठ झालं.

अडचण एवढीच, की त्यातली राक्षसीण म्हणजे खुद्द मंजुळाबाई होत्या. भाडेकरूंच्या अंगाला साबण लागला रे लागला, की बाई टाकीचा कॉक बंद करत. पुस्तकातली राक्षसीणही तेच करायची आणि कमरेवर हात ठेवून "पाणी संपलंऽऽ!" अशी डरकाळी फोडायची. शेवटच्या पानावर पोरं तिला गुदगुल्या करतात, तेव्हा कुठे नळाला पाणी येतं. खुशनुमाने नाव बदललं होतं, पण नाकावरचा मस आणि हिरवं लुगडं काढायचा मोह काही तिला आवरला नाही.

एका दुपारी मंजुळाबाई हातात पुस्तक घेऊन, धापा टाकत जिना चढून आल्या. आता खोली जाणार, असं खुशनुमाला वाटलं. एवढ्या उजेडाची खोली अख्ख्या गावात दुसरी नव्हती, आणि एकटीला हीसुद्धा मिळवताना तिच्या नाकी नऊ आले होते.

"खरं सांग, ही मीच न्हवं?"

"छे हो काकू! सगळं मनाचं आहे."

बाईंचा चेहरा पडला. "म्हंजी ती समोरची हौसा खरं बोलती? गावभर सांगत फिरतीय, पुस्तकात तीच हाय म्हून! तिच्याकडं साधी टाकी तरी हाय का?"

खुशनुमाने हसू कसंबसं दाबलं. "तुम्हीच आहात काकू. मस बघा की."

"मला ठावं व्हतं!" बाई खुलल्या. "लिवून दे तसं. खाली सही कर. हौसाच्या तोंडावर मारते."

तिने लगेच लिहून दिलं. खोली वाचली म्हणून तिला नाचावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती डोक्याला साबण लावून बसली होती, तेवढ्यात नळ थांबला. बाहेर पोरांनी टाळ्या पिटल्या आणि टाकीजवळून डरकाळी आली, "पाणी संपलंऽऽ!"

"काकू, डोळ्यात साबण गेलाय!"

"मी काय करू गं? तूच लिवलंयस, आन् पोरं बघाया आलीत!"

खुशनुमाने मोरीचं दार किलकिलं करून ओरडून सांगितलं, "पोरांनो, शेवटचं पान!"

बाहेर पोरं टाकीकडे धावली. मग मंजुळाबाईंची किंकाळी, मग त्यांचं पोट धरधरून हसणं, आणि नळ गुरगुरला.