पूजेतला जॅक

खंडेनवमीला हत्यारांना हात लावायचा नाही, हा आमच्या वारूळवाडीच्या गॅरेजचा कायदा. तो करणाऱ्या माझ्या सासूबाई, साळुबाई. सकाळीच त्यांनी पान्हे, जॅक आणि गाडी पेलणाऱ्या लोखंडी घोड्या धुऊन पूजेला मांडल्या, वर झेंडूच्या माळा. घोड्या काढल्यामुळे येडगावच्या आदेशभाऊंची जुनी कॅरव्हॅन टोमॅटोच्या क्रेटवर टेकवावी लागली. धरणाकाठी पाहुणे उतरवायला म्हणून त्यांनी ही जुनाट गाडी हौसेनं आणलेली. चाकं सुटी, खालची लोखंडी चासी अर्धी गंजलेली.

आमचे हे, गोरख, एक दिवस स्वस्थ बसतील तर शपथ.

"हत्यार न्हाई लावत, नुसतं बघतो," म्हणत हे गाडीखाली सरकले आणि स्कूटरच्या किल्लीनं गंज खरवडू लागले.

"अवो, या बाहेर. सणाचं कशाला?" मी म्हटलं आणि तेवढ्यात क्रेट कडकन फुटला.

गाडी एका अंगाला बसली. बाहेर फक्त यांचे पाय दिसत होते.

"आरते... छातीवर दाबलंय..."

सणामुळे आजूबाजूची दुकानं बंद. मी खांदा लावला, पण गाडी हलते कुठली! दुसरा क्रेट करकरायला लागला. धावत पूजेपाशी गेले, जॅककडे हात नेला आणि तो तिथंच थांबला. पूजेतल्या हत्याराला हात लावला तर कोप होतो, ही माहेरापासूनची, लहानपणापासूनची भीती, काय करणार? मी सासूबाईंकडे पाहिलं.

त्यांनी जॅकवरची माळ ओरबाडून फेकली. "बघती काय? उचल!"

मी जॅक कडेला लावला.

"तिथं न्हाई," आतून क्षीण आवाज आला. "गंजलंय तिथं, मोडंल. माझ्या डाव्या हाताला लाव... तिथं लोखंड चांगलंय."

मी जॅक सरकवला. कुंकवानं दांडा हातातून निसटत होता. हे मरतात आता, एवढंच डोक्यात. गाडी बोटभर उचलली, आणखी बोटभर. सासूबाईंनी घोडी माळेसकट आत सारली. मग दांडा न सोडता मी एका हातानं आणि त्यांनी दोन्ही हातांनी पाय धरून यांना ओढलं.

हे उठून बसले, खोकले, वर हसायला लागले. सासूबाईंनी पदरानं त्यांच्या छातीवरचा गंज पुसला आणि एक सणसणीत थोबाडीत दिली. मग स्वतःच रडायला लागल्या.

"आरती, तूबी दे एक," त्या म्हणाल्या.

मी द्यायलाच निघाले होते. पण जॅकच्या दांड्यावरची माझी मूठ काही केल्या उघडेना.