बारावी सही

मी नमुना ‘फ’ बोलतोय. दचकू नका, हा काही रोग नाही. सार्वजनिक रस्त्यावरून मिरवणूक, फेरी किंवा संचलन काढायचं असेल तर महापालिकेच्या खिडकीवर जो कागद भरून द्यावा लागतो, तो मी. रंग फिकट पिवळा, पुढच्या अंगाला चौदा रकाने, पाठीला पाच. सध्या माझ्या अंगाला भोक पाडून त्यातून दोरी ओवलेली आहे आणि मी एका लोखंडी कपाटात पडून आहे. वेळच वेळ आहे, म्हणून बोलतो.

माझा जन्म छापखान्यातला. आम्ही पाचशे भावंडं, एका दमात जन्मलेली, दिसायला सगळी सारखी. ज्याने आमची आखणी केली तो माणूस भारी चिक्कू असावा. वाहनं किती, भोंगे किती, कुठल्या चौकात उजवीकडे वळणार, कुठे डावीकडे, याला त्याने ऐसपैस जागा दिली. आणि रकाना नऊ, ‘मिरवणुकीचे कारण’, त्याला दिली दोन बोटं! माणसं घर सोडून रस्त्यावर का येतात ते दोन बोटांत मावेल असं त्याला कुणी सांगितलं, देव जाणे.

छापखान्यातून मी परवाना विभागाच्या खणात आलो. खिडकीवर बसायचे ते कारकून काहीही लिहिलं की त्याखाली पट्टी धरून रेघ मारायचे. स्वतःच्या सहीखालीसुद्धा. म्हणून अख्खं ऑफिस त्यांना फूटपट्टीसाहेब म्हणायचं. त्यांच्या पाठीमागे, अर्थात.

खणात पडल्या पडल्या मी माणसं पाहिली. कुणालाच सूचना वाचायच्या नसतात. सगळे थेट सहीच्या जागेवर बोट ठेवून विचारतात, “इथे ना?” पेन कुणाकडेच नसतं. आणि ‘तीस दिवस आधी’ हे ऐकलं की प्रत्येकाचा चेहरा पडतो. शाळेचं संचलन असो, सायकल फेरी असो की पुढाऱ्याचा मोर्चा, सगळ्यांना सगळं परवा हवं असतं.

एका सोमवारी खिडकीशी दोघं आली. एक साठीचा माणूस, गळ्यात क्लॅरिनेटच्या पेटीचा पट्टा, ओठांवर वाजवणाऱ्याचा घट्टा. बरोबर तिशीची एक बाई, त्याची भाची. तो बॅन्डमास्तर होता. लग्नकार्यं, दुकानांची उद्घाटनं, शाळांची संमेलनं, जिथे बोलावतील तिथे त्याचा बारा जणांचा बॅन्ड वाजायचा. चाळीस वर्षं.

“अर्ज द्या एक,” मास्तर म्हणाला. साहेबांनी खणात हात घातला, आणि पाचशे भावंडांतून नेमका मी वर आलो.

मास्तरने मला बाकावर मांडीवर घेतलं. भाचीने पेन दिलं. एकेक रकाना तो पुटपुटत भरू लागला. रकाना नऊशी आला आणि थांबला.

“मामा, लिहा ना जे आहे ते.”

“दोन बोटांत कसं लिहू गं?”

शेवटी त्याने बारीक अक्षरात लिहिलं, ‘दाजींना ऐकायचं आहे म्हणून’. शाई माझ्या अंगात मुरली तशी मला सगळी हकिकत कळली. राहिलेली त्या दोघांच्या बोलण्यातून कळली.

दाजी म्हणजे मास्तरच्या बहिणीचा नवरा, या भाचीचा बाप. बॅन्डमधला मोठा ड्रम त्यांचा. चाळीस वर्षं तो ड्रम पोटावर बांधून ते बॅन्डच्या मधोमध चालले. आता पोटातच रोग निघाला होता. डॉक्टरांनी बाहेर बोलावून सांगितलं होतं, दीड महिना, फार तर. दाजी तिसऱ्या मजल्यावर, गल्लीकडच्या खिडकीशी पडून असायचे. आणि त्यांनी मेव्हण्याकडे एकच गोष्ट मागितली होती.

“मास्तर, आपला बॅन्ड लांबून येताना कसा वाटतो रे? मी जन्मभर आतच होतो. लोक गॅलरीत येऊन उभे राहतात, पोरं धावत सुटतात, ते काय ऐकून, हे मला कुठे ठाऊक आहे? एकदा खालून घेऊन ये. कोपऱ्यापासून.”

एवढंच. खोलीत येऊन वाजवलं असतं तर चाललं नसतं. लांबून यायला हवं होतं, म्हणजे रस्ता आला. आणि रस्ता आला म्हणजे मी आलो. वाद्यं वाजवत रस्त्यावरून जायचं तर माणसं किती का असेनात, नमुना ‘फ’ पाहिजेच. गल्लीतून बस जाते, ती दुसरीकडून वळवायला वाहतूक शाखेला तीस दिवस लागतात. विनापरवाना वाजवायची मास्तरची हिंमत नव्हती. मागच्या वर्षी एका उद्घाटनात तसं वाजवलं होतं, तेव्हा वाद्यं चार महिने पोलीस चौकीत अडकून पडली होती. बारा घरांच्या चुली थंडावल्या होत्या.

तर मास्तर लिहीत गेला. रकाना अकरा, ‘सहभागी व्यक्तींची संख्या’. त्याने क्षणभरही विचार न करता लिहिलं, बारा. खाली नावांची यादी. क्लॅरिनेट, दोन ट्रम्पेट, झांजा, एकेक करत बाराव्या ओळीवर दाजींचं नाव. चाळीस वर्षांत त्याने बॅन्ड कधी अकरा मोजलाच नव्हता. हात आपसूक गेला. भाचीनेही पाहिलं आणि तिलाही काही खटकलं नाही. बापाचं नाव यादीत असायचंच.

मला कळलं होतं. मास्तरने मला बॅन्डवाल्यांच्या घरोघर फिरवलं, अकरा सह्या झाल्या आणि बाराव्या ओळीवर माझं अंग कोरं राहिलं, तेव्हाच कळलं होतं. पण कागदाला तोंड कुठलं? इतरांनी लिहिलेलं तेवढंच कागद बोलतो.

दुपारी मामा-भाची परत खिडकीवर आली. फूटपट्टीसाहेबांनी मला घेतलं, तारखेचा शिक्का मारला, खाली रेघ ओढली. “तीस दिवसांनी काढा,” म्हणाले. मास्तरने बोटं मोजली. दीड महिन्यात तीस दिवस बसत होते. दोघं हसत बाहेर पडली. त्यांचं ते हसणं मला अजून आठवतं.

आलेले अर्ज तिथे लगेच कुणी वाचत नाही. ते टेबलावरच्या ट्रेमध्ये साठतात आणि पंधरवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, तपासले जातात. मी ट्रेमध्ये बारा दिवस काढले. वर सायकल फेरी, खाली शाळेचं संचलन. बाराव्या दिवशी साहेबांनी पट्टी माझ्या यादीवर ठेवली आणि एकेक ओळ खाली सरकवत नेली. शेवटच्या ओळीवर पट्टी थांबली. त्यांनी लाल पेन काढलं आणि मास्तरला फोन लावला.

तासाभरात मामा-भाची धापा टाकत हजर.

“नावं बारा, सह्या अकरा,” साहेब म्हणाले. “त्रुटी आहे.”

मास्तरने यादीकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. “अरे देवा! दाजींचं नाव मीच लिहिलं की हो. सही आणतो ना त्यांची. हात चालतो अजून.”

“सही आणलीत म्हणजे ते मिरवणुकीत चालणार असं लिहून दिल्यासारखं होईल. चालणार आहेत का?”

भाची खिडकीच्या लाकडावर नखाने रेघा ओढत राहिली.

“मग नाव खोडा आणि संख्या अकरा करा. बदल तुमच्या हातचा पाहिजे. मला खोडता येत नाही.”

मास्तरने पेन धरलं. मी खोटं सांगत नाही, त्या माणसाने आयुष्यात कधी सूर चुकवला नसेल, पण ती रेघ त्याला सरळ ओढता आली नाही. दाजींच्या नावावरून ती वाकडीतिकडी गेली. बाराचे त्याने अकरा केले. मग साहेबांनी नवा शिक्का मारला, त्या दिवसाच्या तारखेचा.

“म्हणजे आता इथून तीस दिवस?” भाचीचा आवाज चढला. “आमचे बारा दिवस गेले की हो! फक्त एक नाव जास्त होतं म्हणून?”

“दुरुस्त अर्ज नवा धरतात, ताई. मी नाही ठरवत.”

“घाई आहे हो आम्हाला. माझे बाबा... कशालाच सूट नसते का तुमच्याकडे?”

साहेबांनी सवयीने नियमांचं पुस्तक ओढलं, पान काढलं, ओळीखाली पट्टी ठेवली आणि सरळ सरळ वाचायला लागले, “नियम सहा. खालील बाबींस पूर्वपरवानगीची आवश्यकता नाही. अग्निशमन दलाची वाहने. सैनिकी तुकड्या. अंत्य...”

आणि थांबले. पुस्तक मिटलं. पण ऐकायचं ते ऐकून झालं होतं. माणूस गेला की लगेच वाजवत निघा, कुणी अडवणार नाही. आहे तोवर तीस दिवस. साहेबांनी मान वर केली नाही. वाईट माणूस नव्हता तो. दुसऱ्याच दिवशी मला स्वतः हातात घेऊन तीन मजले चढून वाहतूक शाखेत गेला, एका दिवसात सही आणली, असं कुणी करत नाही. पण तारीख पुढे आणणं त्याच्या हातात नव्हतं. सही झाली तरी तारीख तीच राहिली, बेचाळिसावा दिवस.

मंजूर झाल्यावर मी परवाना झालो. गोल शिक्का, वाहतूक शाखेची सही, सगळा थाट. मास्तर मला घेऊन थेट दाजींकडे गेला. खोली लहान. भिंतीला खुंटीवर मोठा ड्रम टांगलेला, खाली पलंग, पलंगावर माणूस कमी आणि गोधडी जास्त.

“आण इकडे, बघू दे सरकारने काय लिहिलंय,” दाजी म्हणाले. चष्मा लावून मला वाचू लागले. यादीशी आले तेव्हा मास्तर मुद्दाम खिडकीबाहेर बघायला लागला.

“अरे वा, मला काढून टाकलंत!”

“माझी चूक झाली, दाजी. सवयीने लिहून बसलो. तुमचे बारा दिवस मी घालवले.”

“गप रे. यादीतून गेलो म्हणून तर ऐकायला मिळणार. आत असतो तर परत ड्रमच बडवत बसलो असतो.” हसताना त्यांना धाप लागली. मग म्हणाले, “पण नाव लिहिलंस, बरं वाटलं हं.”

त्या दिवसापासून मी त्यांच्या उशाशी होतो. ते मला छातीवर ठेवायचे आणि दोन बोटांनी ठेका धरायचे. धम्, धम्-धम्. रोज तो ठेका थोडा हळू व्हायचा. भाची भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक फुली मारायची. दाजी विचारायचे, “किती राहिले?” ती सांगायची. चौदा. नऊ. पाच.

तीन राहिले होते तेव्हा, सकाळी, बोटं थांबली. मी छातीवरच होतो. थांबली ते सगळ्यात आधी मलाच कळलं.

दुपारी भाचीने खिडकी सताड उघडली आणि मला उचलून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं. मग कोपऱ्यावरून बॅन्ड आला. परवानगी लागलीच नाही. आधी नुसतीच हवा हलल्यासारखी झाली, मग क्लॅरिनेट, मग ट्रम्पेट, मग झांजा, पावलापावलाने जवळ. गॅलऱ्यांत माणसं आली. बसच्या ड्रायव्हरने आपणहून इंजिन बंद केलं. मोठा ड्रम खाली नेऊन सगळ्यांच्या पुढे दोघांनी धरला होता. तो कुणी वाजवला नाही. त्याचा ठोका एरवी जिथे पडायचा तिथे सगळे तेवढं थांबायचे आणि मग पुढे वाजवायचे.

दाजी, फार सुरेख वाटतो हो तुमचा बॅन्ड लांबून. अंगावर काटा येतो. हे तुम्ही ऐकायचं होतंत. ऐकलं मी. मला हे ऐकून काय करायचं होतं?

नियम असा की वापरलेला असो वा नसो, परवाना पाठीमागचे रकाने भरून सात दिवसांत परत करायचा. नाहीतर पुढच्या वेळी मिळत नाही. मास्तरला पुढेही पोट होतं. तो आठवड्याने खिडकीवर आला, एकटाच. तिथेच उभ्याने पाठीमागचे रकाने भरले आणि मला आत सरकवलं.

साहेबांनी पट्टी ठेवून वाचलं. मिरवणूक प्रत्यक्ष निघाली का? ‘निघाली. तीन दिवस आधी.’ वाहतुकीस अडथळा झाला का? ‘गाड्या आपणहून थांबल्या.’ तक्रार? ‘आहे. पण कुणाविरुद्ध ते कळत नाही.’ प्रत्यक्ष सहभागी व्यक्तींची संख्या? ‘बारा.’

पट्टी तिथे थांबली. पुढच्या अंगाला अकरा, पाठीला बारा. साहेबांचा हात लाल पेनाकडे गेला. मास्तर म्हणाला, “साहेब, ते पुढे होते. सगळ्यांच्या पुढे. मोजून घ्या हवं तर, सगळ्या गल्लीने पाहिलंय.”

साहेबांनी लाल पेन खणात टाकलं आणि खण लावून घेतला. शेवटचा रकाना कारकुनाच्या सहीचा. त्यांनी सही केली. खाली रेघ मात्र मारली नाही.

तेव्हापासून मी इथे आहे. कपाट उघडतं ते नव्या फायली कोंबायला. वाळवी दोन फायली पलीकडे आली आहे, तिचा आवाज येतो. मला कुणाकडे काही मागायचं नाही. रस्ते मोकळे ठेवायला नियम लागतात, बसमधल्या माणसांनाही घरी जायचं असतं, हे मलाही कळतं. पण कधी ही दोरी सुटली आणि मी तुमच्या हाती आलो, तर मला पुढून वाचू नका. पुढून मी बाकीच्या चारशे नव्याण्णवांसारखाच आहे. मला उलटा करा. तिथे बारा आहेत.