बुटक्या गाडीची बेताची चाके

मी एक जुनी, पांढरी, बुटकी मोटार आहे. जन्माने मी बुटकी नव्हते. इतर गाड्यांइतकीच उंच होऊन मी कारखान्यातून बाहेर पडले. मला खाली बसवले ते वडीगोद्रीच्या मच्छिंद्रभाऊंनी, त्यांच्या हायवेकाठच्या गॅरेजात. कुणाच्या हौसेसाठी नव्हे, मित्रांनो. भावनाताईंसाठी.

माझे मालक नागसेन सर शाळामास्तर. मी नवीन होते तेव्हा शाळेतली मुले माझ्या काचेत बघून भांग पाडत आणि सर त्यांना रागावतही नसत. पुढे सर निवृत्त झाले. मी लिंबाखाली उभी राहिले ती राहिलेच. माझ्या टपावर कोंबड्या झोपू लागल्या, टायरला भेगा पडल्या.

सरांची मुलगी भावना तोवर वकील झाली होती आणि अंबडच्या कोर्टात काम करत होती. एका अपघातात तिच्या पायांतली ताकद गेली. ती चाकांच्या खुर्चीत बसून घरी आली, तेव्हा धाकट्या भावाने, मिथुनने, मला धुऊनपुसून बाहेर काढले. रोज तो ताईला अंबडला न्यायचा. कोर्टाच्या फाटकात तो तिला दोन्ही हातांनी उचलून खुर्चीत ठेवायचा. त्या वेळी ताई कुणाकडेच बघत नसे.

मग मिथुनला पुण्यात नोकरी लागली; महिनाभरात त्याला जायचे होते.

"आता घरूनच कागदं करत जाय," सर म्हणाले. "कोर्टाची दगदग कशाला?"

"पप्पा, उषाबाईच्या घराची तारीख हाये. कोर्ट काय आपल्या अंगणात येणार हाये का?"

उषाबाई ही गावातलीच एकटी बाई. दिरांनी तिच्या राहत्या घरावर हक्क सांगितला होता आणि ताई तिची वकील होती.

"मंग जाशील कशी?"

"गाडी मीच चालवीन," ताई म्हणाली.

 दुसऱ्याच दिवशी सरांनी मला मच्छिंद्रभाऊंच्या गॅरेजात नेऊन उभे केले.

भाऊंनी क्लच, ब्रेक आणि रेस हातांनी चालतील असे दांडे मला बसवले. तरी एक अडचण राहिली. माझी सीट ताईच्या खुर्चीपेक्षा उंच होती. हातांच्या जोरावर ताई सरकू शकत होती, पण वर चढू शकत नव्हती. म्हणून भाऊंनी आखूड स्प्रिंगा घालून मला खाली घेतले. सीट आणि खुर्ची एका पातळीत आल्या. आता फक्त चाके नवी हवी होती, कारण जुन्या रिमा वाकल्या होत्या आणि त्या मापाची चांगली टायरे कुठे मिळत नव्हती.

मिथुनने जालन्याहून चाके आणली. मोठी, रुंद टायरांची, चांदीसारखी चकाकणारी. "ताईची गाडी कोर्टात उठून दिसली पाहिजे," तो म्हणाला. खरे सांगते, मीही हरखून गेले होते.

ताईने खुर्ची माझ्या दाराशी लावली, दोन्ही हात टेकले आणि अंग उचलले. सीट दोन बोटे वर होती. ताईचा हात सटकला, खुर्ची मागे सरली आणि ती दोन्हींच्या मधे जमिनीवर पडली.

"बस झालं!" सर ओरडले. "गाडी चालवायची न्हाई म्हणजे न्हाई!"

मिथुन धावला.  ताईने त्याला हाताने थांबवले.

"उचलू नको. आधी सांग, एवढी खाली घेतलेली गाडी वर गेलीच कशी?"

भाऊ वाकून बघत होते. "टायर मोठं झालं ना ताई. टायर जेवढं वाढलं, त्याच्या निम्मी गाडी वर गेली. स्प्रिंगनं दिलं ते चाकानं परत घेतलं." त्यांनी स्टेअरिंग फिरवले, तर टायर मडगार्डला करकर घासले. "अन् हे बी हाये."

मग भाऊंनी त्यांच्याकडची लहान चाके लावून पाहिली. ताई सहज आत आली, पण गावातल्या गतिरोधकावर माझे पोट आदळले आणि सायलेन्सर लोंबकळला. मी फरफटत गॅरेजात परतले. मोठी नडली, लहानही नडली. सर खाली मान घालून बाकावर बसले होते. मला वाटले, आता पुन्हा लिंबाखाली जायचे.

ताईने मात्र माझे जुने चाक मागवले आणि भिंतीला उभे करून घेतले. वीत लावून तिने त्याची उंची मोजली.

"भाऊ, एवढंच उंच पाहिजे, याच्यावर सीट बराबर आली व्हती. टोकापासून टोकापर्यंत बराबर एवढं. रिम थोडी मोठी चालंल का?"

"चालंल. तेवढं रबर कमी घेऊ. लई बी कमी न्हाई, न्हाईतर खड्ड्यात रिम फुटंल. अन् रुंदीला बेताचं."

मिथुनने आपली चकाकती चाके टेम्पोत चढवली. संध्याकाळी तो बदलून घेऊन आला. साधी, करडी, बेताची चाके.

"आता परीक्षा," भाऊ म्हणाले. "मडगार्डला आतून खडू फासायचा. टायर घासलं तर पांढरं होईल."

गॅरेजात खडू नव्हता. सर उठले, घरी गेले आणि शाळेच्या दिवसांतली खडूची पेटी घेऊन आले. त्यांनीच गुडघे टेकून चारही मडगार्डांना आतून खडू फासला. मग माझ्यात माणसे बसवली, कारण रिकामी गाडी उंच राहते, खरे माप भरल्या गाडीतच कळते. ताई स्टेअरिंगवर, मागे मिथुन आणि भाऊ, शेजारी सर. ताईने स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवले. खड्ड्यातून नेले. गतिरोधकावर मला हळूच, जरा तिरपे चढवले. माझ्या पोटाखालून वारा गेला, पण दगड लागला नाही!

सर सगळ्यांच्या आधी उतरले आणि चाकांपाशी वाकले. "काळंच हाये!" ते ओरडले. "चारही काळीच्या काळी! भावना, एक रेघ न्हाई!"

आरटीओची तपासणी झाली, सरावानंतर ताईचे लायसन्स आले, आणि उषाबाईच्या तारखेची सकाळ उजाडली. ताई एकटीच सीटवर सरकली. खुर्चीची चाके काढून तिने खुर्ची अंगावरून पलीकडच्या सीटवर ओढली आणि दार लावले. उसाच्या ट्रॉल्या, एसट्या, मोटारसायकली या सगळ्यांतून आम्ही दोघी अंबडला पोचलो. फाटकातून मी आत शिरले तेव्हा चहाच्या टपरीवरचे वकील उभे राहून बघू लागले. ताई स्वतःच्या हातांनी खुर्चीत उतरली, काळा कोट सारखा केला आणि प्रत्येकाच्या डोळ्याला डोळा भिडवून नमस्कार करत आत गेली.

दुपारी उषाबाई पदर सावरत धावतच बाहेर आली. तिला सांगायला कुणी सापडेना, म्हणून तिने माझ्याच बॉनेटवर हात ठेवला. "मनाईचा हुकूम आणला गं पोरीनं! आता मला घरातून कोण काढतंय ते बघतेच!"

मित्रांनो, आता रस्त्यावर माझ्याकडे बघून मुले म्हणतात, बुटकी गाडी, काय भारी! त्यांना माझे एवढेच मागणे आहे. गाडी खाली घ्या किंवा वर, चाक निवडताना आधी तिच्यात बसणाऱ्या माणसाकडे बघा. ती भरून, वळवून, खड्ड्यातून नेऊन पाहा. टायरमधली हवा तपासत जा. आणि कुणाची चुकलेली हौस दिसली तर हसू नका. मिथुन दर सुट्टीला येतो आणि माझी तीच बेताची चाके घासूनपुसून लख्ख करतो.

परवा सरांना तीर्थपुरीला लग्नाला जायचे होते. ते तयार होऊन अंगणात आले, क्षणभर घुटमळले आणि ताईला म्हणाले, "मॅडम, सोडता का जरा?"

"बसा," ताई म्हणाली. "अन् पट्टा लावा, पप्पा. मी जोरात चालवते."